दिव्याची गेलेली साल

गेल्या नोव्हेंबरात रात्री आर्वीहून वर्ध्याला परतत होतो. खरांगण्याच्या पुढे रस्त्यात रोही उभा होता. अगदी जवळ जाईपर्यंत तो मला दिसलाच नाही. ब्रेक लागला, रोही तुरीत शिरला. मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ बसून राहिलो. मागच्या सीटवर आई झोपलेली होती.

गाडी बारा वर्षांची, हेडलाइट पिवळे पडलेले. मला वाटायचं, बल्ब कमी पडतोय. म्हणून साठ वॉटचे काढून शंभरचे बसवले होते. त्याने पुढचा रस्ता उजळला नाही. धुरकट दिव्यातून प्रकाश विखुरला आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत गेला. टूथपेस्टही घासून पाहिली होती. आठ दिवस चमक, मग तेच.

शेवटी वर्ध्यातल्या एका पेंटरकडे गेलो. दिव्यावरून नख फिरवून तो म्हणाला, "हा मळ नाही जी. उन्हानं याची साल गेली."

अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात दिव्याला खरी काच असे. आता असतं ते पॉलिकार्बोनेट. ते सहज फुटत नाही, पण अतिनील किरणांपुढे टिकत नाही, म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक थर देतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि माझी गाडी वर्षानुवर्षं अंगणात उघड्यावर. उजवा दिवा जास्त खराब होता. उभ्या गाडीची तीच बाजू पश्चिमेला असायची.

त्याने कडेच्या रंगाला टेप लावली आणि पाणी मारत 800 नंबरच्या वॉटर पेपरने घासायला सुरुवात केली. पिवळं पाणी ओघळू लागलं. मग 1000, 1500, 2000. दिवा दुधासारखा पांढरा झाला तेव्हा मी घाबरलो. रबिंग लावल्यावर मात्र तो पाण्यासारखा नितळ झाला. मी पैसे काढले, तर म्हणाला, "थांबा, काम आता आहे." पुसून, पूर्ण कोरडं करून त्याने अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला. हा थर नसेल, तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा. नुसतं पॉलिश करून पाठवणारे गिऱ्हाइकाचं नुकसानच करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बल्ब पुन्हा मूळचेच बसवले. गाडी आता कडुनिंबाखाली, नाहीतर पुढून कापड टाकून उभी असते. तुमच्या गाडीच्या दिव्यांचा झोत आज रात्री भिंतीवर पाडून बघा. उजेडाची कड पुसट दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा प्रवास टाळा.