खेळाचा हिशेब

प्लेस्टेशन ५ हा खेळाचा खोका २०२१ साली भारतात आला, तो ४९,९९० रुपयांना. ग्राफिक्स कार्डांची तेव्हा रॉकेलसारखी टंचाई. त्या तोडीचा संगणक तेवढ्यात बसेना. शिवाय खोक्याची तबकडी खेळून झाली की विकता येते. मी अर्थातच खोक्याच्या बाजूचा. चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, त्यावर परगावच्या मित्रांशी खेळायचं तर बहुतेक वेळा वर्गणी पडते. संगणकाला ती नाही. आणि तुमचं आयकराचं विवरणपत्रही त्यावरच भरता येईल!" मुद्दा बिनतोड. पदरचे चार पैसे जास्त घालून संगणक आणला.

विवरणपत्र मी वर्षातून एकदा भरतो. एरवी स्वारी दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून, पाठमोरी बसलेली असते. शेजाऱ्यांनी टीव्हीला खोका जोडला आहे. रात्री बापलेक खेळताना कडाकडा भांडतात. काल बाप हरला वाटतं.