बांधावरचा व्यवहार

लहानपणी मी वडिलांबरोबर वांगी घेऊन बाजार समितीत जात असे. परतताना वडील पट्टी पुढे धरून अडत, हमाली, तोलाई असे एकेक आकडे मोठ्याने वाचत. "घाम आपला, माल आपला, अन्‌ अडतही आपल्याच माथी," असे म्हणून पट्टी खिशात घालत. पुढे मी शेतकीची पदवी घेतली, कृषी खात्यात लागलो, पण ती पट्टी डोक्यातून गेली नाही.

तसा १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आपल्या भल्यासाठीच होता. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल मोडावी, लिलाव उघड व्हावा, घेणारा परवानाधारक असावा, पैसे त्याच दिवशी मिळावेत, हा त्याचा हेतू. पण बांधावर चार क्रेट माल घेणाऱ्या गरीब पोराचा धंदाही त्यामुळे चोरटा ठरला.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला समितीच्या नियमनातून मोकळा केला. अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी, असे ठरले. मी हरखलो. पारापारावर सांगत सुटलो, "आता माल बांधावरच विका!"

माझ्या भागातल्या एका तरुणाने जुनी पिकअप घेतली. दहा-बारा घरांचा माल तो शहरात नेऊ लागला. दोन वर्षे सुरेख गेली. शेतकऱ्याची हमाली वाचली, पोराचे घर उभे राहिले. तिसऱ्या वर्षी टोमॅटो पडला. पोराने हॉटेलवाल्यांना उधारीवर माल दिला, त्यांनी हात वर केले, आणि त्याच्याकडून येणे असलेली घरे अडकली.

त्यांत एक विधवा बाई होत्या. अठरा हजार रुपये. माझ्या दारात येऊन एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून माल दिला."

मी बाजार समितीत गेलो. तिथे उत्तर मिळाले, "व्यवहार आवाराबाहेरचा, आमच्या हातात काही नाही." खरेच होते ते. चिठ्ठीही कुणाकडे नव्हती. मी कायद्याची मोकळीक सांगितली, पण कायद्याने जे कुंपण काढले, त्याच्या जागी आपले कुंपण घाला, हे सांगायला विसरलो.

पोरगा लबाड नव्हता. गाडी विकून त्याने हप्त्याहप्त्याने सगळ्यांचे पैसे फेडले. बाईंचे पैसे मिळाले, पण त्या पोराचा धंदा गेला. आज तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे. भेटला की नमस्कार करतो, आणि मलाच खाली बघावेसे वाटते.

म्हणून आता मी पारावर बसलो की आधी हे सांगतो. बांधावर माल जरूर विका, पण वजन, भाव, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घ्या. मागच्या खेपेचे पैसे आल्याशिवाय पुढची खेप भरू देऊ नका. आणि धंदा करणाऱ्या पोरांनो, दुसऱ्याच्या मालावर उधारी वाटू नका.

नात्यागोत्यात चिठ्ठी मागायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. पण चिठ्ठीने नाते तुटत नाही, बुडालेल्या पैशाने तुटते.