दहा मीटर

बंदूक आणि आपलं नाव एका वाक्यात आलं की घरातली माणसं दचकतात. मी रायफल शिकायला जाते म्हटल्यावर अम्मी म्हणाली, "बेटा, दुसरा खेळ नाही का?" आणि हा प्रश्न कोल्हापुरात! इथल्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं.

रेंजवर पहिला धडा नेमाचा नव्हताच. नळी सदैव लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, सांगितल्याशिवाय रायफल उचलायची नाही. मग दहा मीटरवरचा कागद. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, दहा गुणांचा ठिपका मात्र अर्ध्या मिलिमीटरचा! डावं कोपर कमरेला टेकवलं तरी काळं वर्तुळ डोळ्यांपुढे डोलत होतं.

"श्वास सोड, थांब. चाप ओढू नकोस, हळूच दाब," सर म्हणाले. मन जरा चिडलं की छर्रा भरकटायचा. शांत झालं की आत शिरायचा.

या खेळात समोर शत्रू नसतो. असतो एक कागद आणि आपलाच थरथरता हात. तो स्थिर करायला शिकवणाऱ्या जागेला भ्यायचं कशाला? मुलगी हट्ट करत असेल तर एकदा तिच्याबरोबर जाऊन बघा.