न मोजलेलं आकाश

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत. प्रत्येकीची तबकडी 45 मीटर व्यासाची. 14 जणी मधल्या किलोमीटरभराच्या चौकात दाटीने उभ्या, उरलेल्या 16 तीन भुजांवर, साधारण 25 किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. मधे टोमॅटोची नि कांद्याची शेतं. एवढी मोठी दुर्बीण, पण तिचा बहुतेक आरसा जागेवर नाहीच. त्या नसलेल्या आरशातून चित्र काढणं हे माझं काम. ते मी नागपुरात, सदरमधल्या घरी बसून करतो.

30 अँटेनांच्या जोड्या होतात 435. जोडीतलं अंतर जितकं जास्त तितका तपशील बारीक. जवळच्या जोड्या ऐसपैस पसरलेलं तेज टिपतात. पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशासमोर कलत जातात, त्यामुळे रात्रभराच्या निरीक्षणात नसलेल्या आरशाची बरीच जागा भरते. तरी फटी राहतातच. मोबाइल टॉवर, विजेच्या तारा यांनी नासवलेल्या नोंदी काढल्या की त्या आणखी रुंदावतात.

म्हणून पहिलं चित्र येतं ते मळकट, प्रत्येक ठळक स्रोताभोवती आरे फुटलेलं. ते धुण्याची रीत खगोलशास्त्रज्ञ ह्योगबोम यांनी 1974 मध्ये मांडली. तिचं नावच क्लीन. सर्वांत तेजस्वी ठिपका शोधायचा, त्याचा थोडासा अंश आऱ्यांसकट वजा करायचा, टिपून ठेवायचा आणि पुन्हा शोधायला लागायचं. हजारो वेळा.

संगणक हे मुकाट करतो. थांबायचं कुठे, ते मात्र आपण बघायचं. लवकर थांबलं तर आरे उरतात. अति केलं तर निव्वळ खरखर स्रोत बनून चित्रात शिरते आणि खऱ्या अंधुक स्रोतांचं तेज कमी भरतं. म्हणून देखण्या चित्राआधी मी वजाबाकीनंतरची शिल्लक उघडतो. तिच्यात ओळखीचा आकार दिसतोय तोवर काम बाकी आहे.

मला सर्वांत जपावंसं वाटतं ते दीर्घिकांच्या समूहांतलं, लाखो प्रकाशवर्षं पसरलेलं विरळ तेज. त्याच्याभोवतीची पार्श्वभूमी शून्याखाली खचलेली दिसली की समजावं, पसारा निसटलाय. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आराखड्यातला मधला दाट चौक या पसाऱ्यासाठीच आहे. पण तिथेही सर्वांत जवळच्या दोघींत सुमारे 100 मीटर अंतर आहे. ती जोडी जेवढा पसारा टिपू शकते त्याहून मोठ्या विस्ताराचं तेज हाती लागणं अवघड. रंगपट्टी जरा सरकवली की तो खळगा दिसेनासा होतो. मी सरकवत नाही. खळगा छापतो, तेजाचा आकडा किमान मर्यादा म्हणून देतो, आणि त्याच भागाची एखाद्या मोठ्या एकट्या तबकडीने घेतलेली नोंद मिळते का ते शोधायला लागतो.