आजारपणाची फाईल कोणाची?

गंभीर आजारात घरच्या माणसांची धावपळ होते ती औषधांसाठी, रक्तासाठी आणि पैशांसाठी. कागदपत्रांकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी, आणि तेही बहुधा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे ठरल्यावर. प्रतापनगरमधील माझ्या दवाखान्यात येणारे बरेच रुग्ण सत्तरी ओलांडलेले आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, घरी दोघेच. अशा घरांतून आलेली कापडी थैली टेबलावर रिकामी केली, की तीतून औषधांची बिले निघतात, जुने एक्स-रे निघतात, साखरेच्या तपासणीचे दहा-बारा कागद निघतात. नेमका हवा असलेला कागद मात्र रुग्णालयातच राहिलेला असतो.

गेल्या पावसाळ्यातील एक उदाहरण सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. एका खासगी रुग्णालयात आठ दिवस काढून त्या घरी आल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप भरला. त्यांचे यजमान डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे आले. सुटी होण्याच्या आदल्या दिवशी कल्चरसाठी पुन्हा लघवी पाठवल्याची नोंद त्यावर होती. निकालापुढे ‘प्रलंबित’ एवढेच लिहिलेले. कल्चरचा निकाल हाती यायला साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे तो एव्हाना यायला हवा होता. काकाजी रुग्णालयात गेले, तेव्हा खिडकीवर सांगण्यात आले, “फाईल रेकॉर्डला गेली. मोठे डॉक्टर बाहेरगावी आहेत. त्यांच्या सहीशिवाय काही मिळणार नाही.”

मी त्यांना पाच ओळींचा अर्ज लिहायला सांगितला. रुग्णाचे नाव, भरती क्रमांक, तारखा, हव्या असलेल्या कागदांची यादी आणि रुग्णाची सही. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर पोच घ्यायची, एवढेच. दुसऱ्या दिवशी सायंकाळी कागद मिळाले. कल्चरचा अहवाल दोन दिवसांपूर्वीच तयार झाला होता आणि घरी सुरू असलेल्या गोळ्यांना ते जंतू दाद देणारे नव्हते. उपचार करणाऱ्या फिजिशियनांशी फोनवर बोलून इंजेक्शन सुरू केले. तीन दिवसांत ताप उतरला. गोळ्या देताना हाती असलेल्या माहितीनुसार त्या योग्यच होत्या. नवी माहिती रुग्णापर्यंत पोहोचली नव्हती. उतारवयात रक्तातील जंतुसंसर्ग पुन्हा उसळला, तर असे दोन दिवससुद्धा फार महाग पडतात.

कागद मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, असा संकोच आपल्याकडे फार आहे. “डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. वस्तुस्थिती अशी, की हा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयाने केव्हाच निकाली काढला आहे. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या प्रकरणात १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्यास रुग्णालयाला अथवा डॉक्टरांना गुप्ततेचे कारण पुढे करता येणार नाही. प्रतींसाठी योग्य तो खर्च मात्र रुग्णालय मागू शकते.

पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत हा दंडक लिखित स्वरूपात आला. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास तिची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असे ती सांगते. भरती रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावीत, असेही तीत आहे. २०२३ मध्ये नवे नियम जाहीर झाले होते. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चीच आचारसंहिता पुन्हा लागू झाली. तीन वर्षांची ही मर्यादा वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद पाच वर्षांनी मागायला गेल्यास ते मिळतीलच, याची खात्री नसते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. रुग्ण भरती असतानाच कागदांच्या प्रती मागितल्या, तर त्या शक्यतो २४ तासांत द्याव्यात, असे ती म्हणते. अतिदक्षता विभागात माणूस असताना बाहेरगावच्या तज्ज्ञाचे मत हवे असेल, तर सुटी होईपर्यंत थांबायचे कारण नाही. मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयात माहिती अधिकाराचा मार्गही खुला आहे. जीविताचा प्रश्न असेल तर त्या कायद्याने ४८ तासांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्थात, माझा अनुभव असा, की शांतपणे दिलेल्या साध्या अर्जाने बहुतेक ठिकाणी काम होते.

मागायचे काय, हेही ठाऊक हवे. डिस्चार्ज कार्ड हा केवळ सारांश असतो. रोजच्या तपासणीच्या नोंदी, औषधांचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, शस्त्रक्रियेचे टिपण आणि सर्व अहवाल मिळून खरी फाईल होते. हृदयरुग्णाने अँजिओग्राफीची सीडी घ्यावी. नुसत्या अहवालावर दुसरे तज्ज्ञ मत देऊ शकत नाहीत. सीटी स्कॅन आणि एमआरआयचेही तसेच. कर्करोगात तर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे लागतात. जामठ्याच्या किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचे असेल, तर ते सोबत न्यावेत. नाहीतर त्यांच्यासाठी नागपूरला परत फेरी मारावी लागते. आणि निघताना एक प्रश्न अवश्य विचारावा : “कोणता अहवाल यायचा बाकी आहे, आणि तो आम्हाला कोण कळवेल?”

आता थोड्या नाजूक बाबीकडे वळतो. फाईल मिळवण्यासाठी भांडणारी मुलेच ती फाईल आईवडिलांपासून लपवतात. “बाबांना काही सांगू नका” ही विनंती प्रेमापोटीच केलेली असते, हे मी जाणतो. पण ती फाईल बाबांची आहे. देवनगरातील एक गृहस्थ यकृताच्या कर्करोगाचा अहवाल घेऊन आले. मुलगा मागे उभा राहून मला हाताने खुणावत होता. मी त्या गृहस्थांना इतकेच विचारले, “काकाजी, तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” ते म्हणाले, “मला अंदाज आहे. घरात सगळे कुजबुजतात, त्याचा त्रास जास्त होतो.” मग आम्ही तिघांनी मिळून अहवाल वाचला. पुढचे चार महिने त्यांनी आपल्या पद्धतीने वापरले. पेन्शनचे आणि बँकेचे कागद पत्नीला समजावून दिले, रामटेकला जाऊन आले, आणि शेवटी अतिदक्षता विभागात न्यायचे नाही, हे स्वतः मुलाला सांगितले. हा निर्णय घेण्याचे ओझे त्यामुळे मुलावर पडले नाही.

सगळ्यांनाच सर्व काही जाणून घ्यायचे असते असेही नाही. “माझ्या मुलीला सांगा, मला नको” असे म्हणणाऱ्या आजीही भेटतात. तोही त्यांचा हक्कच आहे. मात्र हे त्यांच्या तोंडून आलेले असावे. आपण गृहीत धरू नये.

म्हणूनच ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे, की प्रकृती ठीक असतानाच एक चिठ्ठी लिहून ठेवावी. माझी कागदपत्रे कोणाला दाखवावीत, कोणाच्या हाती द्यावीत, हे तीत नावानिशी असावे. शुद्ध हरपल्यावर दोन भावांपैकी फाईल कोणाकडे, असा वाद रुग्णालयाच्या व्हरांड्यात झालेला मी पाहिला आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आईच्या अहवालांची छायाचित्रे फिरणेही बरे नव्हे. त्यालाही तिची संमती लागते.

सेवा करणाऱ्यांनी एक साधी फाईल करावी. कागद तारखेप्रमाणे लावावेत. सर्वांत वर एकच पान असावे : आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव, रक्तगट आणि दोन फोन क्रमांक. ज्यांना जमते त्यांनी १४ अंकी आभा क्रमांक काढून अहवाल त्याला जोडावेत. तरी कागदी फाईल मोडीत काढू नये. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसताना ते वरचे पान पाहून अनोळखी डॉक्टरही योग्य उपचार लगेच सुरू करू शकतो. फाईल कपाटात कुलूपबंद न ठेवता घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी, आणि ती जागा आजारी माणसालाही ठाऊक असावी.