दहा बाय बाराच्या खोलीतला तानपुरा

तोफखान्यातल्या माणसानं गाणं ऐकायला स्पीकर शोधत फिरावं, याची आमच्या बॅटरीत बरीच थट्टा झाली. "साब, आपको अब क्या सुनाई देगा?" असं एका जवानानं तोंडावर विचारलं. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. गेल्या वैद्यकीय तपासणीत माझ्या डाव्या कानाच्या आलेखाला ४००० हर्ट्‌झपाशी खड्डा दिसला. बंदुकीच्या आणि तोफेच्या आवाजानं होणारं नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं. डावा कान आधी जातो याचंही कारण आहे. उजव्या खांद्यावर रायफल धरली की डावा कान नळीच्या बाजूला येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं.

मग हेडफोन का नाही? बबिनाला उन्हाळ्यात राहिलेल्याला हे विचारावं लागणार नाही. बुंदेलखंडातला मे महिना, खिडकीत घरघरणारा कूलर. त्याच्यावर मात करायला माणूस हेडफोनचा आवाज चढवत जातो आणि किती चढवला ते कळत नाही. कानाचा हिशेब मात्र कडक असतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात, ८८ झाले की चारच तास, ९१ ला दोन. तीन डेसिबल वाढले की मुदत निम्मी. शिवाय कोणी दार ठोठावलं तर ते ऐकू यायला हवं. फौजेत दार कधीही वाजतं.

खोली दहा बाय बाराची. जाड भिंती, सिमेंटची जमीन, पलीकडे नाईट ड्यूटी करून दिवसा झोपणारा शेजारी. खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत, त्यामुळे मोठा सबवूफर पहिल्याच फेरीत बाद. अशी खोली स्वतःही गाते. बारा फुटांची बाजू साधारण ४७ हर्ट्‌झला घुमते, दहा फुटांची ५६ ला. तिथं भारी स्पीकर ठेवला की तबल्याच्या बायाचा नुसता गोंगाट होतो. आणखी एक अट होती, ती फक्त फौजीला समजेल. जोडी काळ्या ट्रंकेत, रजईच्या घडीत बसली पाहिजे. जी वस्तू ट्रंकेत मावत नाही, ती पुढच्या बदलीत कुणाला तरी देऊन टाकावी लागते.

झाशीच्या बाजारात एका दुकानदारानं हजार वॉटचा डबा दाखवला. खोक्यावर बारीक अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं होतं. या आकड्याला कसलाही ठरलेला मापदंड नाही. छापणारा उदार असेल तितका तो मोठा. आरएमएस विचारलं तर दुकानदार पोराकडे बघायला लागला. खरं म्हणजे वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो. टेबलाशी बसून तीन-चार फुटांवरून ऐकणाऱ्याला वीस वॉटसुद्धा चैन आहे.

शेवटी दहा हजारांच्या आत, अंगचाच अ‍ॅम्प्लिफायर असलेली एडिफायर आर१२८०टी ही जोडी घेतली. चार इंची वूफर, १३ मिलिमीटरचा रेशमी ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस. हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे, हे मला महत्त्वाचं वाटलं. लहान खोलीत टेबल भिंतीला टेकलेलंच असतं, आणि मागे भोक असलेला स्पीकर तिथं गुदमरतो. ब्लूटूथ नाही, तार जोडायची. माझी तक्रार नाही.

चार इंचात खर्ज कसा येणार, ही शंका मलाही होती. काळी एकचा गायक असेल तर तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास येतो, आणि एवढ्या लहान स्पीकरचा दम साधारण तिथंच संपत येतो. पण तानपुरा मूळ सुरापेक्षा त्याच्या उपसुरांनीच जास्त बोलतो. जवारी म्हणजे तेच. उपसूर नीट आले की खालचा सा कान स्वतः भरून घेतो. मल्लिकार्जुन मन्सूर लावून बघितले. तानपुरा होता, पुरा होता.

स्टीरिओची परीक्षा मात्र १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'वर घेतली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात आहे. तिथं नोकरी केलेल्या माणसाला तो दिवस निराळाच ऐकू येतो. दोन्ही स्पीकर आणि मी, असा समभुज त्रिकोण केला, पुढे अर्धी-अर्धी वीट सारून ट्वीटर कानाच्या रोखानं वर केले, जमिनीवर दरी अंथरली. बासरी आपल्या जागी उभी राहिली. संतूरची चमक मात्र जराशी उजवीकडे झुकली. तो माझा डावा कान. मोबाइलमध्ये डावं-उजवं कमी-जास्त करायची सोय असते, ती वापरून पाहिली. संतूर मध्ये आलं, पण बासरी डावीकडे निघाली, कारण खड्डा वरच्या सुरांपुरताच आहे. सगळं होतं तसं परत ठेवलं. ट्रेबलची कळही मधोमधच आहे. ती चढवून डाव्या कानाला मिळणार थोडं, पण चांगल्या उजव्याला विनाकारण टोचणार.

शेजारचा हवालदार तंजावरचा. झोप झाल्यावर संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन येतो. मोबाइलला पेनड्राइव्ह जोडायची सगळी खटपट त्याचीच. इळैयराजांच्या गाण्यात बेस गिटार कशी चालते ते मला ऐकवायचं असतं, आणि माझ्या खुर्चीवर ती त्याला पुरेशी वाटत नाही. कोपऱ्यात उभं राहा म्हटलं. खोलीचे खालचे सूर कोपऱ्यातच गोळा होतात. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि डोळे मिटून मान डोलवू लागला. आता त्या कोपऱ्यात त्याच्यासाठी एक मोढा ठेवला आहे.