मंदिराचे शिखर आणि हवाई छत्री

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझी पन्नाशी महिन्याभरावर आली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्या लेकीने एका रात्री फोनवर विचारले, "आई, या वाढदिवसाला साडी नको आणि केकही नको. आपण दोघी विमानातून उडी मारू या का?" आधी मला ती थट्टा वाटली, परंतु तिने सारी चौकशी करून ठेवली होती. मध्य प्रदेशात उज्जैनजवळ दताना येथे एक धावपट्टी आहे. तेथे अलीकडच्या काही वर्षांत हिवाळ्याच्या दिवसांत सामान्य माणसांनाही स्कायडायव्हिंग करता येते. नागपूरहून रात्रीच्या गाडीने जाता येण्यासारखे ते ठिकाण. "तू फक्त हो म्हण," ती म्हणाली. मी "बघू" म्हटले. आपल्या घरांमध्ये 'बघू' या शब्दाचा अर्थ बहुधा 'नाही' असाच असतो, हे तिलाही ठाऊक होते.

ही कल्पना तिच्या डोक्यात कोठून आली, हे मात्र मला ठाऊक होते. आम्हा नागपूरकरांना विमानांचे नावीन्य नाही. सोनेगावचा विमानतळ, नागपूर फ्लाइंग क्लब, वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय हे सारे आमच्या शहराच्या अंगाखांद्यावरचेच. २०२२ च्या नोव्हेंबरात वायुसेनानगरात हवाई कसरतींचा महोत्सव झाला, तेव्हा आम्ही सर्व कुटुंबीय तेथे गेलो होतो. वायुदलाच्या 'आकाशगंगा' या चमूचे जवान निळ्या आकाशातून छत्र्यांवर तरंगत उतरले. १९८७ साली स्थापन झालेल्या या चमूचे नाव ऐकून होते. पाहिले ते त्या दिवशी प्रथमच. माझे पती त्या वेळी आजारी होते, तरी हट्टाने आले होते. मान उंचावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पडतात असं वाटतच नाही. कुणीतरी हातात धरून खाली ठेवतंय जणू." पुढल्या पावसाळ्यात ते आम्हांला सोडून गेले. लेकीला ते वाक्य विसरता आले नाही, मलाही नाही.

प्रस्ताव ऐकल्यावर मी प्रथम सर्वसाधारण गृहिणी करील तेच केले: अडचणींची यादी केली. घरात ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत; त्यांना रोज दोन वेळा इन्शुलिन द्यावे लागते. धाकटा मुलगा बारावीला. घरात मिळवते हात माझेच. तीस हजारांच्या घरातला खर्च काही मिनिटांच्या मौजेसाठी करायचा, तर तेवढ्या पैशात धर्मग्रामातील एखाद्या मुलीची वर्षाची फी भरता येईल, हा विचारही आला. बेथानी येथे प्रभूच्या चरणी मोलाचे सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीची गोष्ट मला आठवली. पण तिने ते प्रेमापोटी प्रभूसाठी ओतले होते. ती कथा स्वतःच्या मौजेच्या समर्थनासाठी पुढे करणे मला रुचले नाही. शिवाय लोक काय म्हणतील? नवरा जाऊन दोन वर्षे झाली नाहीत आणि बाई आकाशातून उड्या मारते!

लोकांचा प्रश्न सर्वांत आधी गळून पडला. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात, २,४०० फुटांवरून उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्या चक्क नऊवारी नेसून उतरल्या. त्यांच्याही आधी, १९७९ साली, रेचल थॉमस या रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्त्रीने पहिली उडी घेतली होती. २००२ साली त्यांनीही उत्तर ध्रुव गाठला. या स्त्रियांचे वाचल्यावर 'हे बायकांचे काम नव्हे' असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

मग धोक्याचा प्रश्न. नवख्याने एकट्याने उडी घ्यायची नसते. त्याच्या अंगावर पट्ट्यांचा भक्कम साज चढवतात आणि तो चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या साजाला अडकवतात. सुमारे दहा हजार फुटांवर विमानाचे दार उघडते. पहिली तीस-पस्तीस सेकंदे दोघे ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतात. सुमारे पाच हजार फुटांवर छत्री उघडते आणि पुढची पाच-सहा मिनिटे संथ तरंगण्याची. प्रशिक्षकाच्या पाठीवरील एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीने दगा दिला तर राखीव. आणि ठरावीक उंचीखालीही वेग कमी झाला नाही, तर ती राखीव छत्री आपोआप उघडणारे एक लहानसे यंत्रही सोबत असते. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली त्या देशात सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे दगावली. तेथील आकडा इथल्या धावपट्टीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. पण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि वर्धा रोडवरून रोज स्कूटर चालवताना माझ्या मनात सद्सद्विवेकाचा प्रश्न कधी उभा राहिला नव्हता.

आकड्यांनी धोका किती ते सांगितले. आपण जायचे कशासाठी, हे ते सांगू शकत नव्हते.

त्या सुमारास मी संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. वाचकांना तो प्रसंग परिचित आहे. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. देवदूत झेलतील, असे पवित्र शास्त्राचेच वचन पुढे करतो. प्रभू उडी टाकीत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे तो उत्तर देतो. हा भाग मी प्रायश्चित्तकाळात अनेकदा ऐकला होता. परंतु त्या रात्री मला प्रथमच जाणवले, की या उडीची ओढ माझ्या मनात आहे आणि ती निव्वळ मौजेची नाही.

माझ्या पतीच्या आजारपणात मी नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना केल्या, सदरच्या कॅथेड्रलमध्ये पहाटेच्या मिस्सेला गेले, जपमाळेचे मणी झिजवले. ते वाचले नाहीत. मी श्रद्धा सोडली नाही. देवळात जात राहिले, गायनवृंदात गात राहिले. परंतु मनाच्या तळाशी एक प्रश्न गोठून राहिला होता: त्या वेळी धरले नाहीस, आता धरशील का? विमानाच्या दारातून स्वतःला झोकून द्यावे आणि एकदा पाहावे. हे शब्द मी कोणाजवळ उच्चारले नव्हते. परंतु लेकीच्या प्रस्तावाला माझे मन इतक्या लगबगीने का धावले, याचे उत्तर त्यांत होते.

मी आमच्या फादरांकडे गेले. ते उपदेश करतील अशी अपेक्षा होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "सुखरूप उतरलात, तर देवाविषयी तुम्हांला काय कळेल? आणि नाही उतरलात, तर तुमच्या मुलांना देवाविषयी काय कळेल?" मला उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यात मी लेकीला कळवले, "यंदा नाही." कारण विचारले तेव्हा म्हटले, "मी ज्या मनाने येईन, ते मन तुझ्यासोबत उडी मारायला योग्य नाही." ती रुसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण एकटी जात नाही मग. थांबते."

त्यानंतरचे वर्ष नेहमीसारखेच गेले. मात्र त्या वर्षात मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि त्यात एक विलक्षण चित्र पाहायला मिळाले. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमध्ये छापलेल्या एका यंत्रविषयक ग्रंथात ते आहे: एक माणूस उंच मनोऱ्यावरून उतरतो आहे आणि त्याच्या डोक्यावर चौकोनी चौकटीला ताणून बांधलेले कापड आहे. हवाई छत्रीच्या सर्वांत जुन्या छापील चित्रांपैकी हे एक. ग्रंथकर्ते फाउस्त व्हेरांचिच हे कॅथॉलिक बिशप होते! मंदिराच्या शिखरावरचा मोह आणि बिशपांच्या चित्रातला मनोरा, दोन्ही ठिकाणी उंची तीच. फरक त्या कापडाचा. सैतान म्हणतो, काही न घेता उडी टाक. बिशपांचा माणूस कापड मोजून, कापून, दोऱ्यांनी चारही कोपरे बांधून मगच पाऊल उचलतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद निराळ्या शब्दांत केला आहे. आपल्याला करता येण्यासारखे जे आहे ते न करता, निष्कारण, केवळ देवाच्या मदतीवर विसंबून संकटात शिरणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. याउलट, दक्षता घेऊन पत्करलेले साहस ख्रिस्तसभेला वर्ज्य नाही. पोप अकरावे पायस हे तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मोन्ते रोझा पर्वताच्या बिकट पूर्वकड्याने सर्वोच्च शिखर गाठले होते. १९२३ मध्ये त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले, तेव्हा अविचार टाळून केलेल्या गिर्यारोहणाची प्रशंसा केली. त्याच वर्षी त्यांनी आमच्या कॅथेड्रलचे संत फ्रान्सिस डी सेल्स यांना लेखकांचे आश्रयदाते केले. या संत फ्रान्सिसांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रपंचात राहणाऱ्या भाविकांना करमणुकीची परवानगी दिली आहे. फक्त मन तिच्यात गुंतवून ठेवू नका, एवढीच त्यांची अट. ज्या संताच्या नावाच्या देवळात माझे लग्न लागले, त्यांचे म्हणणे मला पन्नाशीत कळले.

यंदा दिवाळीत लेक घरी आली. तिने विषय काढला नाही, मीच काढला. वर्षभर मी स्वतःला अधूनमधून चाचपून पाहत होते. जुना प्रश्न पूर्ण मिटला आहे असे मी म्हणणार नाही. कबरस्तानात फुले ठेवताना तो अजूनही उमटतो. परंतु आता तो मी प्रार्थनेतच विचारते. त्याच्या उत्तरासाठी मला विमान लागत नाही. आणि तो प्रश्न बाजूला काढल्यावरही मागे काहीतरी उरले होते: ढगांच्या वरून माळव्याची जमीन पाहावी, लेकीच्या आगेमागे पाच मिनिटे तरंगावे, त्यांनी मान उंचावून जे पाहिले ते वरून कसे दिसते ते पाहावे. ही इच्छा साधी होती. तिच्यात देवाला कसलेही आव्हान नव्हते.

मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. त्यांच्यापुढे भाषा घोळवून चालत नाही. "तुमचं इन्शुलिन आहे, कसं जमेल," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या इन्शुलिनचं निमित्त करू नकोस. जायचं नसेल तर जायचं नाही म्हण. ऑपरेशनला नेताना 'मला भीतीच वाटत नाही' म्हणणाऱ्या पेशंटची मला काळजी वाटायची. जो भीत भीत पण सगळं विचारून घ्यायचा, तो तयार असायचा. तू सगळं विचारलंस का?"

मी सगळे विचारले. डॉक्टरांकडून रक्तदाब आणि पाठीचा मणका तपासून घेतला. वजनाची मर्यादा, वाऱ्याची मर्यादा, प्रशिक्षकाचा परवाना, राखीव छत्री शेवटची कधी तपासून घडी केली, हे सारे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. तेथे पोहोचल्यावर ते विचारायचे आणि एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर परत फिरायचे, असे मायलेकींचे ठरले आहे. हवा बिघडली तर वाद घालायचा नाही. विमानाच्या दारापर्यंत जाऊनही कोणी "नको" म्हटले, तर दुसरीने त्यावर आयुष्यभर बोलायचे नाही. माझा खर्च मी शिकवणीच्या पैशातून करणार आहे. धर्मग्रामातील एका मुलीच्या फीची रक्कमही मी बाजूला काढली आहे. हिशेब चुकता व्हावा म्हणून मात्र ती काढलेली नाही. तो विचार मनात आलाच होता, तर तो तसाच सोडून देणे बरे वाटले नाही, एवढेच.

जानेवारीची तिकिटे काढली आहेत. आम्ही दोन रात्री घरी नसू. आंबिया बहराची संत्री सध्या घरात आहेत. सासूबाई रोज संध्याकाळी त्यांतले एक निवडून नातवासमोर ठेवतात आणि सुई कोणत्या कोनात, किती खोल, हे त्याला शिकवतात. त्यांच्या काळी परिचर्येच्या शाळेत असेच शिकवीत. पहिल्या दिवशी मुलाचा हात थरथरत होता. काल त्याने सिरिंजमध्ये दहा युनिट पाणी मोजून भरले, बुडबुडा काढला आणि न डगमगता संत्र्यात टोचले. "उद्यापासून माझ्या दंडावर," आजी म्हणाल्या आणि ते संत्रे बाजूला ठेवून त्यांनी त्याला दुसरे सोलून दिले.